वीस मिनिटांत तीन राग: संगीत विभागाच्या विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू महोदय,

आम्ही गायन-वादन शिकणारे विद्यार्थी आपल्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करत आहोत.

आधी परीक्षेचे बोलतो. एम.ए.च्या प्रात्यक्षिकाला २० मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात तीन राग विचारतात. विलंबित एकतालात एका मात्रेला पाच सेकंद धरले, तर १२ मात्रांच्या एका आवर्तनाला पुरे मिनिट लागते. म्हणजे एका रागाला सहा-सात आवर्तने. स्थायी-अंतरा भरण्यातच त्यांतली निम्मी जातात. बढत करायची कधी? मग मुले पाठ केलेल्या ताना घेऊन समेवर येतात आणि पुढच्या रागाची फर्माईश होते. यात पाठांतर तपासले जाते, गाणे नाही. म्हणून अंतिम वर्षाची परीक्षा मैफलीसारखी, श्रोत्यांसमोर व्हावी. विद्यार्थ्याने निवडलेल्या रागाला ४० मिनिटे आणि परीक्षकांनी सांगितलेल्या रागांना २० मिनिटे द्यावीत. तानपुरे विद्यार्थ्याने स्वतः जुळवावेत. तो वेळ वेगळा धरावा आणि त्यालाही गुण असावेत.

विभाग अकरा ते पाच उघडा असतो. सारंग, भीमपलास, मुलतानी या वेळेत बसतात, पण ललत पहाटेचा आणि मारवा सूर्यास्ताचा. आम्ही दोन्ही दुपारी तीनला शिकलो. वसतिगृहात पहाटे खर्ज लावला की तक्रार होते. रियाजासाठी दोन खोल्या पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघड्या हव्यात, आणि मुलींनाही त्या वेळेत ये-जा करता यायला हवी.

तबलजी तासिका तत्त्वावर, तेही परीक्षेच्या तोंडावर येतात. लय अंगात मुरायला रोजचा ठेका लागतो. पूर्णवेळ साथीदार नेमा.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या कपाटातले तानपुरे मात्र जवारी गेल्यामुळे मुके आहेत आणि वर्ग मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर चालतो. वर्षातून एकदा मिरजेचे कारागीर बोलावून जवारी काढून घ्यावी. आम्हीही शेजारी बसून शिकू.

‘एवढे हवे तर गुरूच्या घरी जा,’ असे आम्हाला ऐकवले जाते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते घराण्याच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांनाही गाणे मिळावे म्हणूनच. आमच्यातल्या अनेकांना गुरूचे घर परवडत नाही. त्यांच्यासाठी विद्यापीठ हीच तालीम आहे. अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत पदवीधर व्यावसायिक कलावंतांना अध्यापक होण्याची वेगळी वाट ठेवली आहे. रिक्त पदांवर त्या वाटेने गाणारी-वाजवणारी माणसे घ्यावीत.

अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीला आमच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे. नव्या परीक्षेचा आराखडा आम्ही लिहून तयार ठेवला आहे.

आपले,
संगीत विभागातील विद्यार्थी