अलंकार कोणासाठी?

अलंकरण म्हटले की आपण नाक मुरडतो. कलेतिहासाच्या तासाला बरोक शैलीचा विषय निघाला, की ‘नुसता भपका!’ हा शेरा ठरलेलाच. मला तो मान्य नाही. रोमच्या सेंट पीटर्स चर्चमधील वेदीवर उभारलेला ब्राँझचा चांदवा हे माझे उत्तर आहे.

चांदवा म्हणजे मुळात कापड. इटालियन ‘बाल्दाक्किनो’ हा शब्द बगदादच्या जुन्या इटालियन नावावरून आला. तिथल्या नावाने ओळखले जाणारे उंची रेशमी वस्त्र पूज्य स्थानावर धरीत. पोप आठवा अर्बन याच्या आज्ञेवरून बेर्निनीने इ. स. १६२४ मध्ये काम हाती घेतले आणि सुमारे दहा वर्षांत हेच वस्त्र धातूत उभे केले. उंची सुमारे २९ मीटर, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढी! पिळदार चार खांब, त्यांवर लॉरेलची पाने, वर देवदूत आणि कडेला कापडासारखी लोंबणारी ब्राँझची झालर.

एवढा खटाटोप कशासाठी? डोक्यावरचा घुमट शंभर मीटरहून उंच. त्याखाली वेदी उघडी ठेवली असती, तर ती मैदानात ठेवलेल्या पाटासारखी हरवली असती. चांदव्याने त्या अफाट पोकळीत वेदीला घर दिले. शिवाय त्याला भिंती नाहीत. खांबांमधून नजर आरपार जाते. वेदीखाली संत पीटरची समाधी आहे अशी श्रद्धा. भाविकाचे डोळे बरोबर तिथेच येऊन थांबतात. म्हणजे हा अलंकार काम करतो. त्याला भपका कसे म्हणावे?

पण याच चांदव्यावर जागोजागी मधमाश्या आहेत. त्या पोपच्या बार्बेरिनी घराण्याचे चिन्ह. इ. स. १६२५ मध्ये याच पोपने प्राचीन पॅन्थिऑनच्या द्वारमंडपातील ब्राँझ काढून नेले. त्यातले बरेचसे तोफा ओतण्यासाठी गेले. तरी लोकांनी दोष चांदव्यालाही दिला. बार्बेरिनींनी रानटी टोळ्यांनाही मागे टाकले, अशी कुचेष्टा रोमभर झाली. मला ती अन्यायाची वाटत नाही. ज्याने वस्तूवर आपले नाव कोरले, त्याला तिच्या धातूचा हिशेबही द्यावा लागतो.

इ. स. २०२४ मध्ये या चांदव्याची साफसफाई व डागडुजी पूर्ण झाली. काजळी गेली, सोनेरी झळाळी परतली. तिच्याबरोबर मधमाश्याही उजळल्या.

म्हणून अलंकार कमी की जास्त, हा वाद मला फोल वाटतो. तो आपली नजर कुठे नेतो, हे पाहावे. वेदीकडे नेत असेल तर ती पूजा. देणाऱ्याच्या नावाकडे नेत असेल तर ती जाहिरात. बेर्निनीच्या चांदव्यात दोन्ही आहेत. एकासाठी त्याला हात जोडावेत आणि दुसऱ्यासाठी जाब विचारावा. कलेच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही कामे एकाच वेळी जमली पाहिजेत.