मेमरी वाढवली की संगणक बुद्धिबळ चांगले खेळतो का?

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आमच्याकडची मुलेही पटावर बसू लागली. अकोल्याच्या एका शाळेत नववीतला विद्यार्थी मला म्हणाला, "सर, मी स्टॉकफिशला सगळी मेमरी देऊन टाकली!" संगणकाची एकूण मेमरी ४ गिगाबाइट. प्रोग्राम मात्र अडखळू लागला आणि वेळ संपून हरला.

असे का झाले? अमरावतीहून अकोल्याला मूर्तिजापूरमार्गे या किंवा दर्यापूरमार्गे. अकोल्याहून बाळापूरचा रस्ता तोच. तो एकदा विचारून वहीत लिहिला की पुन्हा विचारावा लागत नाही. पटावरही वजिरापुढचे प्यादे आधी आणि उंटापुढचे नंतर, किंवा उलट खेळले, तरी पुष्कळदा एकच स्थिती येते. प्रोग्राम तिचे मूल्यमापन एका तक्त्यात नोंदवतो. अमेरिकेत ग्रीनब्लाट यांचा प्रोग्राम १९६७ सालीच ही युक्ती वापरीत होता. आपण मेमरी वाढवतो ती या तक्त्याची, म्हणजे वहीची पाने वाढवतो, बुद्धी नव्हे.

स्टॉकफिशचा तक्ता मुळात १६ मेगाबाइटचा असतो. दर ३२ बाइटांत ३ नोंदी, म्हणजे सुमारे पंधरा लाख. साधा संगणकही सेकंदाला लाखो स्थिती तपासतो. त्यामुळे दीर्घ विचार करायचा असेल तर वही लवकर भरते, जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि तेच काम पुन्हा करावे लागते. अशा वेळी तक्ता जरूर वाढवावा. पण झटपट डावात त्याचा फारसा उपयोग नाही. आणि इतर कामांना मेमरी उरली नाही, तर संगणक डिस्कवर ने-आण करू लागतो. ती फार मंद असते. त्या मुलाचे तेच झाले.

म्हणून "वाढवा, वाढवा" हा सल्ला मला पटत नाही. आपण प्रयोगवहीत मोजमापाशिवाय निष्कर्ष लिहू देत नाही. मग इथेच का? शिक्षकांनी घड्याळ लावून हे मोजून घ्यावे. (संगणक खोलीच्या किल्लीसाठी अर्ज करावा लागतो, हे मला ठाऊक आहे.)

रूबेन फाइन यांच्या १९४१ च्या पुस्तकातली एक स्थिती मांडा. पांढरा राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. पांढऱ्याची चाल. सगळी प्यादी अडकलेली, हलतात फक्त राजे. दोन राजांची घरे आणि चाल कोणाची हे धरले, तरी तोवर स्थिती ६४ × ६४ × २, म्हणजे ८,१९२ पेक्षा जास्त होत नाहीत. १ मेगाबाइटच्या तक्त्यात ९८ हजारांवर नोंदी मावतात! आधी १, मग १०२४ मेगाबाइट ठेवून, दर वेळी तक्ता कोरा करून, उत्तर सापडायला किती सेकंद लागतात ते लिहा. जिंकणारी चाल एकच आहे: राजा पुढे न जाता शेजारी, बी१ वर.