उधारीवर शहर वाढत नाही

जिल्ह्याच्या विकासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर विमानतळ, महामार्ग आणि मोठे कारखाने येतात. सोलापुरात गेल्या काही वर्षांत यातल्या बऱ्याच गोष्टी आल्या. फताटेवाडीला १३२० मेगावॉटचे वीज केंद्र उभे राहिले. मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. या सोयींचे आम्ही स्वागतच करतो. परंतु टॉवेल-चादरीचा व्यापारी गल्ल्यावर बसून हिशेब मांडतो तेव्हा त्याला प्रश्न पडतो की, विमान आले म्हणून विणकराच्या हातात त्याचा पैसा वेळेवर पडणार आहे काय?

मी जुळे सोलापुरात राहतो. नवी घरे, रुंद रस्ते, दुकाने सर्व काही आहे. मात्र संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारा, मुले कुठे आहेत? बहुतेकांचे उत्तर एकच, पुण्याला. ज्या शहराने बाहेरून आलेल्या हजारो हातांना काम दिले, त्या शहराची मुले आज कामासाठी बाहेर जातात. विकासाचा खरा प्रश्न इथे आहे.

आपला इतिहास आठवून पाहा. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि सोलापूर गिरणगाव झाले. १९६० च्या दशकात जुनी मिल बंद पडली आणि नंतर एकेक करून बाकीच्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. तरी सोलापूर उपाशी मेले नाही, कारण घरोघरी माग होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली बांधवांचे हुनर, आपल्या समाजातील कारागीर, रंगारी, शिलाईवाले, हमाल आणि लहान कारखानदार या सर्वांनी मिळून हे शहर सावरले. एका मोठ्या कारखान्यापेक्षा हजार लहान कारखाने संकटात जास्त टिकतात, हा धडा आपल्याला अनुभवातून मिळालेला आहे. म्हणून जिल्ह्याचा आराखडा करायचा तर तो या लहान माणसाला मध्यभागी ठेवून केला पाहिजे.

आता आपल्या चुकीकडे येतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व भागातील एक यंत्रमागधारक मला माल देत असत. चार माग आणि घरचीच माणसे. ठरलेली मुदत दोन महिन्यांची होती. मी पैसे दिले पाचव्या महिन्यात, कारण माझी रक्कम परगावच्या एका दुकानदाराकडे अडकली होती. त्या भल्या माणसाने एकदाही तगादा लावला नाही. नंतर कळले की, त्या काळात त्यांनी दोन माग भंगाराच्या भावात विकले. मी त्यांची एक पैही बुडवली नव्हती, पण त्यांच्या घरातले निम्मे काम माझ्यामुळे गेले. ही खंत आजही माझ्या मनात आहे.

उधारीची ही साखळी नीट समजून घेतली पाहिजे. पैसा उशिरा मिळतो म्हणून विणकर सूत उधारीवर घेतो. उधारीचे सूत महाग पडते. ते नुकसान भरून काढण्यासाठी तो हलके सूत वापरतो आणि डझनामागे टॉवेलचे वजन कमी होते. माल हलका म्हणून भाव पडतो, आणि भाव पडला की नवीन माग घेण्याची ऐपत उरत नाही. मग आपणच तक्रार करतो की पानिपतचा माल पुढे गेला आणि सोलापूर मागे राहिले. मजुराची मजुरी वेळेवर द्यावी, ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. विणकराचे बिल ही सुद्धा मजुरीच आहे, हे मात्र आपण सोयीने विसरतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकराची तरतूदही लागू झाली. मुदत टळून गेलेली आणि वर्षअखेर न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. ज्या वर्षी द्याल त्या वर्षी धरा. त्यावेळी मलाही सल्ला मिळाला, "ज्याची उद्यम नोंदणी नाही त्याच्याकडूनच माल घ्या, कटकट नको." हा सल्ला मानला तर कायदा वाचेल, पण सोलापूर वाचणार नाही. उलट प्रत्येक यंत्रमागधारकाने आणि शिलाई कारखानदाराने ही नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. या मुदतीचे संरक्षण उत्पादकाला मिळते, केवळ व्यापार करणाऱ्याला मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणूनच आपण व्यापाऱ्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला मुदत देताना हात आखडता घ्यायला हवा. धंदा थोडा कमी होईल, पण बरकत राहील.

दुसरी गोष्ट नावाची. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षे झाली. तरीही परराज्यातील बाजारात सोलापुरी म्हणून भलतीच चादर विकली जाताना मी पाहिली आहे. मानांकनाचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर टांगून माल विकला जात नाही. उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी, सूत आणि वजन याबाबत एक किमान दर्जा सर्वांनी मिळून ठरवावा आणि व्यापाऱ्यांनी त्याखालचा माल सोलापुरी नावाने विकू नये. एकजुटीने काय होते, हे गणवेशवाल्यांनी दाखवले आहे. २०१७ पासून त्यांनी गणवेशाची प्रदर्शने भरवली आणि बाहेरचे खरेदीदार आपल्याकडे आणले. चादरवाल्यांना हे का जमू नये? एकाच बाजारावर अवलंबून राहणेही धोक्याचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा निर्यातदारांची झोप उडाली होती.

तिसरी गोष्ट पाण्याची. उजनी धरण ११७ टीएमसीचे म्हणतात, पण त्यातले सुमारे ६३ टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोडते. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत आणि उसाची तहान सर्वांना ठाऊक आहे. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते मृतसाठ्यात खोलवर गेले. पाणी नसले की रंगाईचे काम थांबते, आणि रंगवलेले सूत नसले की माग थांबतो. सांडपाणी शुद्ध करून रंगाईला पुन्हा वापरण्याची सामाईक सोय झाल्याशिवाय जिल्ह्याचा कोणताही आराखडा टिकाऊ म्हणता येणार नाही.

आणि माणसाचा जीव? १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. मालक, त्यांच्या घरातील माणसे आणि कामगार एकाच आगीत गेले. त्या दिवशी सारे शहर रडले. पण त्यानंतर आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गोदामाचा दुसरा दरवाजा मोकळा केला, विजेची जुनी तार बदलली? सुताच्या गाठी रचताना बाहेर पडायची वाट सोडायला फारसा खर्च येत नाही.

शेवटी आपल्या भगिनींविषयी. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे काम दिवसेंदिवस आटत आहे. कुंभारीजवळ रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत आखली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. घर मिळाले, आता घराजवळ काम हवे. टॉवेलची किनार शिवणे, गणवेशाची शिलाई, घडी आणि पॅकिंग ही कामे तिथे नेता येतील. त्यासाठी सरकारची वाट कशाला पाहायची? दहा व्यापारी एकत्र आले तर एक शेड भाड्याने घेता येते.

सरकारचा आराखडा येईल तेव्हा येईल. आपला आराखडा आपल्या वहीत आहे. या महिन्यात ती वही उघडावी, ज्या विणकराचे आणि शिलाईवाल्याचे ४५ दिवस उलटून गेले आहेत त्यांची नावे एका कागदावर काढावीत आणि त्यातील सर्वांत लहान माणसाचे पैसे सर्वांत आधी पोचते करावेत. मी माझी यादी काढली आहे. तिच्यात सात नावे निघाली.