राजा प्रमुख, पण जाब कोण देणार?

इंग्लंडमध्ये आजही सरकारी चर्च आहे. १५३४ साली आठव्या हेन्रीने पोपशी नाते तोडून ते आपल्या ताब्यात घेतले. आज राजा चार्ल्स त्याचे प्रमुख आहेत. बिशपांची नावे पंतप्रधानांमार्फत राजाकडे जातात आणि २६ बिशपांना संसदेच्या वरिष्ठ सभागृहात जागा आहे.

एवढा मान, पण मुलांवरील अत्याचाराचे एक प्रकरण वर्षानुवर्षे दबून राहिले. २०१३ मध्ये कळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असा ठपका चौकशी अहवालात आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. २०२५ मध्ये सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. या पदावरच्या त्या पहिल्या महिला.

आम्हाला वाटते, धर्मसंस्था कुणाचीही असो, बदनामीच्या भीतीने तक्रार दाबली की नुकसान लेकरांचेच होते. तक्रार आली की आधी पोलिसांत जावे.