पोस्ट मुळाला बळ देत नाही

चुडाव्याहून रेल्वेने नांदेडला रूट कॅनालसाठी येणारा रुग्ण दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. "डॉक्टर, एकदाच काय ते पक्कं करून टाका," असं तो म्हणतो आणि आपला हात स्क्रू पोस्टकडे जातो. ती स्वस्त आहे, लगेच घट्ट बसते, लॅबची वाट पाहावी लागत नाही. तो घट्टपणाच मुळाच्या जिवावर उठतो.

आटे डेंटीनमध्ये घुसतात तेव्हा चावण्याचा जोर येण्याआधीच भिंतींत ताण साठतो. जुन्या फोटोइलॅस्टिक चाचण्यांपासून फायनाइट एलिमेंट विश्लेषणापर्यंत हे वारंवार दिसलं आहे. निमुळती गुळगुळीत पोस्ट कॅनालच्या आकाराला धरून बसते, पण जोर आला की पाचरीसारखी मूळ फाकवू पाहते. समांतर पोस्ट जोर बराच सारखा वाटून देते. मात्र तिच्यासाठी टोकाकडचं डेंटीन जास्त कोरावं लागतं आणि तिच्या तळाच्या कडेशी ताण एकवटतो. डेंटीनचा लवचिकता गुणांक सुमारे १८ गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० च्या आसपास, स्टीलचा २०० च्या घरात. फायबर पोस्ट यात डेंटीनला सर्वांत जवळची. ती निकामी होते तेव्हा बहुधा सुटून येते, आणि सुटलेली पोस्ट पुन्हा बसवता येते.

आपल्या भागात प्रश्न आणखी अवघड आहे. पूर्णा-वसमतचा पट्टा उसाचा. ऊस दातांनी सोलताना वरच्या पुढच्या दातांवर जोर उभा नाही, तिरका येतो, आणि ताण मुळाच्या मानेशी चढतो. तिथे दात वाचवतो तो फेरूल. क्राऊनच्या कवेत चहूबाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर शाबूत दात हवा. तो नसेल तर महागातली महाग पोस्टही भरपाई करत नाही.

मूळ उभं चिरलं की रुग्ण हिरडीवर पुळी घेऊन परततो. प्रोब सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जातो आणि एकाच अरुंद जागी झपकन खोल उतरतो. एकमुळी दात असेल तर तो काढण्यापलीकडे आपल्या हाती काही उरत नाही.

पोस्टचं काम कोअर धरून ठेवणं, एवढंच. दाढेत पुरेशा भिंती उभ्या असतील तर पल्प चेंबरचाच आधार बहुधा पुरतो. तिथे पोस्ट टाकूच नये. जिथे टाकायची तिथे भोवती निदान एक मिलिमीटर डेंटीन आणि टोकाशी चार-पाच मिलिमीटर गटापर्चा राखावा. फायबर पोस्ट चिकटवताना रबर डॅम लावावाच.

आटे असलेल्या पोस्ट आपण आता बंद कराव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. परभणी, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या दंत महाविद्यालयांना विनंती, की चिरलेल्या मुळामुळे काढलेल्या प्रत्येक दातासोबत पोस्टचा प्रकार, लांबी, जाडी आणि फेरूल किती होता याची नोंद ठेवावी. खासगी दवाखान्यांनीही असे दात फेकून न देता या नोंदींसह जवळच्या महाविद्यालयाकडे पाठवावेत.