मास्क वाटले, पण धूळ थांबली का?

महिन्यापूर्वी या सदरात दम्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एक पत्र एका लहान फाउंड्रीच्या मालकांचे आहे. त्यांनी स्वखर्चाने सगळ्या कामगारांसाठी मास्कचा खोका आणला, वाटला, रजिस्टरला सह्याही घेतल्या. आठ दिवसांनी पाहतात तो निम्मे मास्क गळ्यात आणि निम्मे भिंतीवरच्या खिळ्याला. कामगारच बेफिकीर असतील तर मालकाने काय करावे, असा त्यांचा सवाल आहे. शिवाय दाढी राखणाऱ्या दोन कामगारांचे काय करायचे, हेही त्यांनी विचारले आहे.

पत्र प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. दोष कामगारांचा कमी आहे. मास्क वाटणे म्हणजे श्वसनसंरक्षण नव्हे. बी पेरले, पण ना नांगरट, ना पाणी, ना राखण, अशातला हा प्रकार झाला.

आपल्या कोल्हापूर भागाला फाउंड्री नवीन नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींतून निघालेली ओतकामे देशभर जातात, त्यावर हजारो घरे चालतात. या धंद्याचा प्राण म्हणजे वाळू. साचा वाळूचा, कोअर वाळूचा. आणि ही वाळू म्हणजे सिलिका. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात कासार्डे, फोंडा भागात तिच्या खाणी आहेत. ओली वाळू फारसा त्रास देत नाही. धातू ओतल्यावर ती भाजून कोरडी होते, मग साचा फोडताना, ओतकाम झटकताना, फेटलिंगच्या ग्राइंडरखाली तिचा चुरा उडतो. छपराच्या फटीतून आलेल्या कवडशात जी धूळ नाचताना दिसते ती त्यातल्या त्यात सज्जन म्हणायची. ती नाकात, घशात अडकते, शिंकेवाटे, बेडक्यावाटे बाहेर पडते. घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचणारे कण दहा मायक्रॉनच्याही खालचे, त्यातही पाचाच्या आतले अधिक वाईट.

तिथे पोहोचल्यावर काय होते? शरीरातल्या पांढऱ्या पेशी हा कण गिळायला धावतात. जंतू असता तर त्यांनी पचवला असता. सिलिका पचत नाही, उलट ती पेशीलाच मारते आणि मोकळी होऊन दुसऱ्या पेशीच्या पोटात जाते. हे रामायण वर्षानुवर्षे चालते आणि त्या जागी व्रणासारख्या कडक गाठी होतात. याचे नाव सिलिकोसिस. सहसा दहा-पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर दम लागू लागतो. धूळ फार असेल तर त्याआधीही. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध आजही नाही. काम सोडले तरी आजार पुढे सरकत राहू शकतो. अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू लवकर घर करतात. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सिलिकाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे.

हे काही नवे ज्ञान नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९३० साली गॉली ब्रिजजवळ डोंगरातून बोगदा खोदायला सुरुवात झाली. खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा. पाणी न वापरता कोरडेच ड्रिलिंग केले, कारण ते लवकर होते. शेकडो मजूर मेले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. पुढे चौकशीत साक्षी झाल्या, त्यांत असे निघाले की पाहणीला येणारे अधिकारी मात्र मुखवटे लावून येत. आपल्याकडे मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनत. आपल्यापैकी अनेकांनी त्या पेन्सिलींनी बाराखडी गिरवली असेल. तिथल्या तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या फुप्फुसात हा आजार सापडला होता. गुजरातेत गोध्रा भागातल्या गारेचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून आलेले आदिवासी मजूर असेच गेले. त्यांच्यातल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

असो. मुद्दा मास्कचा. माझे मत असे की कारखान्यात मास्कचा विचार शेवटी करावा, आणि आपल्याकडे तो पहिल्यांदा होतो, कारण तो सगळ्यांत स्वस्त पडतो. मास्क धूळ थांबवत नाही. तो धूळ आणि माणूस यांच्यामध्ये फक्त एक कापड धरतो. आधी पाहायचे ते हे, की धूळ उडतेच का? इंग्लंडने ओतकामे साफ करण्यासाठी वाळूचा मारा करण्यावर १९४९ सालीच बंदी घातली. लोखंडी गोळ्यांनी शॉट ब्लास्टिंग करता येते, तेही बंद पेटीत. साचा फोडण्याच्या जागेवर धूळ ओढून नेणारा पंखा आणि नळकांडे बसवता येते. ग्राइंडरच्या मागेच हवा ओढून घेता येते. आणि ज्याला फारसा पैसा लागत नाही अशी गोष्ट म्हणजे कोरडा झाडू बंद करणे. पाणी शिंपडून झाडावे किंवा धूळ ओढणारे यंत्र वापरावे. वितळलेल्या धातूजवळ पाणी नको हे कुणी मला सांगायला नको. भट्टीची जागा सोडून बोलतो आहे. सुटीच्या भोंग्यानंतर हवेच्या पाइपने अंगावरचे कपडे झटकायची जी पद्धत आहे, तिच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. दिवसभर कपड्यांवर बसलेली धूळ त्या दोन मिनिटांत थेट नाकाशी येते. उरलेली कपड्यांबरोबर घरी, लेकराबाळांत.

इतके करूनही जी धूळ उरते तिच्यासाठी मास्क. तो कोणता? रुमाल, पंचा, टॉवेल यांचा इथे उपयोग नाही. ओला केला तरी नाही. २०२० च्या कोरोना साथीने एन-९५ हे नाव खेडोपाडी पोहोचवले, ही त्या वाईट काळातली एक बरी गोष्ट म्हणायची. एन-९५ म्हणजे अगदी बारीक कणांपैकी किमान ९५ टक्के अडवणारा. आपल्या भारतीय मानक ब्युरोचे यासाठीचे मानक आय.एस. ९४७३ आहे, त्यातला एफएफपी-२ हा साधारण त्याच तोडीचा. खरेदी करताना हे छापलेले आहे का ते पाहावे. ऑपरेशन थिएटरमधला निळा-हिरवा मास्क धुळीसाठी नाही. कानाला अडकणाऱ्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला मास्क चेहऱ्याला जास्त घट्ट बसतो.

सारी मेख इथेच आहे. गाळणी कितीही चांगली असली तरी हवा सोपी वाट शोधते. नाकाजवळ फट राहिली की धूळ फटीतून आत. म्हणून मास्क प्रत्येकाच्या चेहऱ्याला बसतो का, हे तपासावे लागते. परदेशात यासाठी एक साधी परीक्षा घेतात. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर पिशवीसारखा टोप चढवतात आणि आत सॅकरिनच्या पाण्याचे बारीक तुषार सोडतात. जिभेला गोड लागले, म्हणजे मास्क गळतो. अमेरिकेच्या १९९८ मधल्या सुधारित नियमांनुसार जिथे असा मास्क सक्तीचा आहे तिथे ही परीक्षा वर्षातून एकदा घ्यावी लागते. मास्कचा लेखी कार्यक्रम ठेवावा लागतो आणि त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. आपल्याकडे पाच-सात कारखान्यांनी मिळून असे एक साहित्य आणले तर खर्च वाटला जाईल. तोवर रोजची चाचणी तरी शिकवावी. दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडायचा. कडेने वारा लागला तर नाकावरची पट्टी दाबून पुन्हा बसवायचा.

आता पत्रलेखकांच्या खिळ्याकडे वळू. मास्क खिळ्याला टांगला की रात्रभर त्याच्या आतल्या बाजूवर धूळ बसते आणि सकाळी तीच नाकाशी येते. प्रत्येकाला नाव घातलेला झाकणाचा डबा द्यावा. हा मास्क धुवायचा नसतो. फाटला, मळला किंवा श्वास जड होऊ लागला की नवा द्यायचा, आणि जुना दाखव मगच नवा मिळेल असली काटकसर करायची नाही. कामगार मास्क का काढतो हे त्याला विचारा. भट्टीजवळ उकाडा असतो. चष्म्यावर वाफ धरते. मुकादमाला ओरडून सांगावे लागते. आणि स्पष्टच बोलायचे तर गालात मावा असतो, दर दहा मिनिटांनी थुंकायला मास्क खाली करावा लागतो. यांतली काही कारणे मालकाने सोडवायची आहेत, काही कामगाराने. धुळीच्या जागेपासून दूर, मास्क काढून पाणी पिता येईल अशी विश्रांतीची जागा नसेल तर आठ तास मास्क कोणीच लावणार नाही. मी तरी लावणार नाही. निम्मे कामगार आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून येतात. सूचना मराठीतच लावून भागणार नाही. आणि साहेब स्वतः उघड्या तोंडाने शॉपमध्ये फिरले तर सूचना कोणत्याही भाषेत असो, वाया गेली.

गुळाविषयी वाचक नेहमी विचारतात. धुळीच्या कारखान्यात सुटीच्या वेळी गुळाचा खडा देण्याची जुनी पद्धत आहे. लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात गुळामुळे फुप्फुसातले कण हलायला मदत होते असे दिसले होते. पण ते उंदीर होते. गूळ खुशाल द्या, त्याने पंखा आणि मास्क टळत नाहीत.

दुसरी एक गोष्ट जिवावरची आहे. धुळीचा मास्क वायू अडवत नाही. ओतकामाच्या वेळी निघणारा कार्बन मोनॉक्साइड, रंगाच्या फवाऱ्यातली रसायनाची वाफ यांना तो निरुपयोगी आहे. विहीर, टाकी, गटाराचे चेंबर अशा जागी हवेतला प्राणवायूच कमी असू शकतो. तिथे एन-९५ लावून उतरणे म्हणजे मरणाला आमंत्रण.

काम देण्याआधी तपासणी व्हावी. छातीचा एक्स-रे, फुंकून करायची श्वासाची चाचणी, रक्तदाब. घट्ट मास्कमधून श्वास घ्यायला जोर लागतो, हृदयाच्या रुग्णाला तो झेपेलच असे नाही. पुढेही ठराविक काळाने तपासणी व्हावी आणि तिचे कागद कामगाराला मिळावेत. कंत्राटी कामगार वर्षात तीन कारखाने बदलतो, त्याची फुप्फुसे मात्र तीच असतात.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. सिलिकोसिस एक्स-रेवर क्षयासारखा दिसू शकतो. थुंकीत जंतू नसताना क्षयाची औषधे घेतलेले, तरीही दम न थांबलेले फाउंड्री कामगार माझ्याकडे येतात. जुन्या केसपेपरवर वय असते, वजन असते, कामाचा रकाना कोरा असतो. इटलीच्या रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली लिहून ठेवले आहे की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला, आणि त्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२० च्या संहितेतही तो आहे. कळवण्याचे कर्तव्य मालकाइतकेच तपासणाऱ्या डॉक्टरचेही आहे. निदान कागदावर आले नाही तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार?

राहिला दाढीचा प्रश्न. घट्ट बसणाऱ्या मास्कची कड जिथे त्वचेला टेकते तिथे केस नकोत, दोन दिवसांचे खुंटही नकोत. केसांतून हवा गळतेच. पण धर्माने किंवा आवडीने राखलेली दाढी काढ म्हणून कामगारावर जबरदस्ती करू नये. कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा डोक्यावरच्या सैल टोपात सोडणारे उपकरण मिळते, त्याला दाढी चालते. ते महाग आहे. परवडत नसेल तर त्या दोघांना फेटलिंगवरून काढून पॅकिंगला किंवा मशीन शॉपला, त्याच पगारावर ठेवा.