पाच नद्यांच्या गावी नकाशाची परीक्षा

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुला जायचेच, असा आईचा कितीतरी वर्षांचा हट्ट होता. संत त्यागराजांची समाधी तिथे कावेरीच्या काठी आहे. १८४७ साली याच तिथीला त्यांनी देह ठेवला. दरवर्षी त्या दिवशी शेकडो गायक-वादक समाधीसमोर बसून त्यांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. अखेर योग जुळला आणि आई, धाकटा भाऊ आणि मी तंजावरला मुक्कामाला पोहोचलो.

तंजावरहून तिरुवैयारु जेमतेम तेरा किलोमीटर. पण तेवढ्या वाटेत पाच नद्या ओलांडाव्या लागतात: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचे नावच तसे आहे. तमिळमध्ये 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी आणि 'तिरु' म्हणजे आपले 'श्री'. सकाळी भाड्याच्या गाडीने पूल मोजत मोजत आम्ही पोहोचलो. गाणे ऐकून आई तृप्त झाली. खरी कसोटी परतताना लागली.

अंधार पडला होता. गर्दीमुळे गाड्या आडवाटेने वळवल्या होत्या. भावाने मोबाइल काढला, तर नकाशाच्या जागी नुसत्या करड्या चौकटी! एवढ्या माणसांच्या गर्दीत नेट केव्हाच गुदमरले होते. माझ्या पिशवीत टॅब होता. आदल्या रात्री लॉजच्या वाय-फायवर मी तंजावर परिसराचा नकाशा त्यात उतरवून ठेवला होता. टॅब उघडला आणि मिनिटाभरात निळा ठिपका नेमका आमच्या जागी येऊन बसला.

"नेट नाही, मग याला कसं गं कळलं आपण कुठे आहोत ते?" आईने विचारले.

ठिपका आकाशातून येतो

आईचा प्रश्न अगदी मार्मिक होता. आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की जागा दाखवण्याचे काम इंटरनेट करते. तसे नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत वेळेचे संदेश पाठवत असतात. टॅबमधला छोटासा ग्राहक ते ऐकतो. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून तो आपली जागा काढतो. आपला टॅब आकाशाकडे काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतो. रेडिओ ऐकायला जसे टेलिफोनचे बिल भरावे लागत नाही, तसेच हे. अमेरिकेच्या या उपग्रहांखेरीज रशिया, युरोप आणि चीनचेही उपग्रह आहेत, आणि आपल्या 'नाविक'चे संदेश घेणारी उपकरणेही आता मिळतात.

नेट लागते ते ठिपक्याखालच्या चित्रासाठी, म्हणजे रस्ते, गावे, नद्या यांच्यासाठी. ते चित्र आधीच उतरवून घेतले असेल तर नेटची गरज उरत नाही. नेट नसले की पहिल्यांदा जागा सापडायला थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच. अशा वेळी उघड्या आकाशाखाली टॅब दोन-चार मिनिटे स्थिर धरावा.

कालव्याच्या काठची बाई

टॅबच्या भरवशावर आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना भाताची शेते आणि मधून कालव्याच्या बांधावरून गेलेली अरुंद वाट. ठिपका आमच्याबरोबर इमानाने सरकत होता. नकाशा म्हणत होता, सरळ जा, पुढे पाणी ओलांडले की मोठा रस्ता.

तेवढ्यात गाडीच्या दिव्यांत एक वयस्क बाई दिसली. डोक्यावर गवताचा भारा. ती दोन्ही हात हलवत वाटेतच उभी राहिली. "पोगादींग! तण्णी, तण्णी!" आम्हाला तमिळ येत नाही, पण 'तण्णी' म्हणजे पाणी हे दोन दिवसांत कळले होते. भाऊ उतरला आणि विजेरी घेऊन पुढे गेला. पन्नास पावलांवर फरशीपूल होता आणि त्यावरून गुडघाभर पाणी वेगाने वाहत होते.

मेट्टूर धरणाचे पाणी या खोऱ्याला साधारणपणे १२ जून ते २८ जानेवारी या काळात सोडण्याची रीत आहे. म्हणजे आराधनेच्या दिवसांत नद्या-कालवे बहुधा भरलेले असतात. उन्हाळ्यात तोच फरशीपूल कोरडा ठणठणीत असेल. नकाशा चुकला नव्हता. वाट तिथे होतीच. त्या रात्री तिच्यावर पाणी होते, हे मात्र नकाशाला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते त्या बाईला.

आईने गाडीतूनच तिला हात जोडले. आम्ही मागे वळलो आणि तासाभराने पुलावरून तंजावरला पोहोचलो.

चूक कुठे होते?

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक गाडी रात्री अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरच्या खाडीत गाडी गेली. सुदैवाने ती चालवणाऱ्या महिलेला सागरी पोलिसांनी वाचवले. या तिन्ही वेळी वाट मोबाइलवरच्या नकाशात पाहिली होती. तिन्ही ठिकाणी घात केला तो पाण्याने.

'तुम्ही इथे आहात' हे उपकरण काही मीटरच्या फरकाने बरोबर सांगते. त्यामुळे 'पुढे जा' हेही तितकेच बरोबर असेल, असे आपण धरून चालतो. ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले उपग्रहाचे, दुसरे कुणीतरी कधीतरी काढलेल्या नकाशाचे.

अर्ध्या टनाचे यंत्र

दुसऱ्या दिवशी बृहदीश्वराच्या देवळात गेलो तेव्हा हा विचार मनात घोळत होता. भारताचा शास्त्रशुद्ध नकाशा करण्यासाठी विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ मोजणी सुरू केली. कावेरीचे खोरे सपाट. डोंगर नाही, आणि माडांच्या वर काही दिसत नाही. म्हणून उंच देवळांचा आधार घ्यावा लागे. १८०८ साली याच देवळाच्या शिखरावर कोन मोजण्याचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटून वाकले. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. लॅम्बटनने सुमारे दीड महिना खपून स्वतः ते दुरुस्त केले. तंजावरच्या गादीवर तेव्हा दुसरे सरफोजीराजे भोसले होते. आणि लॅम्बटनची कबर कुठे आहे? आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. मोजणी करता करताच १८२३ साली तो तिथे वारला.

एवढ्या खटपटीने मिळणारी जागा आज अर्ध्या किलोच्या टॅबवर बोट ठेवताच कळते. म्हणूनच तिची किंमत ओळखून ती वापरावी.

निघण्यापूर्वी

टॅब घेताना एक गोष्ट जरूर विचारा. नुसत्या वाय-फायच्या अनेक टॅबमध्ये जीपीएसच नसते. आयपॅडमध्ये तर ते फक्त सिमकार्डाच्या प्रकारात येते. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

नकाशा घरीच उतरवा. गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग साठवता येतो, पण नेट नसताना त्यात पायवाटेचे मार्गदर्शन मिळत नाही. पायी हिंडणाऱ्यांसाठी 'ऑर्गॅनिक मॅप्स' किंवा 'ओस्मअँड' बरे. त्यांत पायवाटाही बऱ्याच असतात. उतरवल्यावर टॅब विमान-अवस्थेत टाकून घराच्या अंगणातच एकदा चालवून पाहा. तिथे चालला तर रानातही चालेल. विमान-अवस्थेत बॅटरीही वाचते, तरी पॉवर बँक बरोबर हवीच.

टॅबच्या झाकणात लोहचुंबक असते. त्याने होकायंत्राची दिशा बिघडते, म्हणून दिशा पाहताना झाकण काढा. उन्हात गाडीच्या काचेखाली टॅब ठेवू नका. तो तापून बंद पडतो, आणि तोही नेमका गरजेच्या वेळी.

पाण्यावर जाणार असाल तर आणखी काळजी घ्या. कावेरीच्या शाखा समुद्राला मिळतात तिथे मुत्तुपेट्टैच्या खारफुटीत किंवा आपल्या कोकणातल्या खाडीत सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. नावेत पाय टाकण्यापूर्वी धक्क्याच्या जागी खूण करा आणि मार्गाची नोंद चालू ठेवा. परतताना तीच रेघ धरून येता येते. टॅब पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा. ओल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि साध्या नकाशात पाण्याची खोली नसते. खोली आणि भरती-ओहोटी नावाड्याला विचारा.

अडचण आलीच तर ११२ क्रमांकाला फोन करून पडद्यावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. तिरुवैयारु साधारण १०.८८ उत्तर, ७९.१० पूर्व. 'वडाजवळ, कालव्यापाशी' यापेक्षा हे आकडे मदत लवकर आणतात.

घरी परतल्यावर शेजारणींना आई आराधनेचे वर्णन सांगत होती. गाण्याचे झाले, कावेरीचे झाले. मग म्हणाली, "लेकीच्या त्या पाटीनं आम्हाला वाट दाखवली हो. पण कुठे थांबायचं ते गवतवालीनं सांगितलं."

आता आमच्या प्रवासाचा नियमच झाला आहे. पुढे पाणी दिसले की गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि भेटेल त्या पहिल्या माणसाला विचारायचे.